साइड-बाय-साइड घेताय? आधी राज्याचा पौंडांचा आकडा बघा

रानवाट_पीए (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात राहतो. इथून न्यूयॉर्कची हद्द जवळ आहे. अलीकडे आपल्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी या बाजूला थोडी थोडी जंगलजमीन घेतली आहे. जमीन आली की लाकडं ओढायला, कुंपणाची फेरी मारायला आणि सुट्टीत मुलांना ट्रेलवर न्यायला साइड-बाय-साइड ही चारचाकी ऑफ-रोड गाडी हवीशी वाटते. मग फोन येतो, "कुठल्या कंपनीची घेऊ?" मी आधी उलटा प्रश्न विचारतो, "नोंदवणार कुठे आणि चालवणार कुठे?" ही दोन उत्तरं ठरल्याशिवाय कंपनीचं नाव काढण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही ठिकाणी गाडीचं वजन आडवं येऊ शकतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एटीव्हीवर (ऑल-टेरेन व्हेइकल) मोटरसायकलसारखं टांग टाकून बसायचं असतं आणि हातात हँडल असतं. साइड-बाय-साइडमध्ये, म्हणजे यूटीव्हीमध्ये, शेजारी-शेजारी सीट, गोल स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. या गाड्या रस्त्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे मोटारींना लागू असलेली केंद्रीय सुरक्षा मानकं त्यांना लागू होत नाहीत. त्यांच्या सुरक्षेकडे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन बघतं. नोंदणी मात्र पूर्णपणे राज्याच्या हातात असते, आणि प्रत्येक राज्याने आपापल्या कायद्यात 'एटीव्ही म्हणजे काय' याची वेगळी व्याख्या लिहून ठेवली आहे. त्या व्याख्येत बहुतेक ठिकाणी दोन आकडे असतात, एक रुंदीचा आणि दुसरा वजनाचा.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथल्या कायद्यात वर्षानुवर्षं ७० इंच रुंदी आणि १,००० पौंड ड्राय वेट (पेट्रोल-ऑइल न धरता गाडीचं वजन) अशी व्याख्या राहिली. १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो. हा आकडा लिहिला गेला तेव्हा ट्रेलवर तीनचाकी आणि छोट्या चारचाकी एटीव्हीच होत्या. कावासाकीची म्यूल ही कामाची यूटीव्ही १९८८ची. यामाहाची ऱ्हायनो २००४च्या मॉडेलची, आणि तिच्यापासून घरच्या लोकांना घेऊन ट्रेलवर जायची गाडी हा प्रकार खरा रुळला. पोलॅरिसची पहिली आरझेडआर ८०० पन्नास इंच रुंद होती आणि तिचं ड्राय वेट हजाराच्या आत होतं. त्यानंतर मात्र गाड्या वाढतच गेल्या. आज डीलरकडे उभ्या असलेल्या साइड-बाय-साइडपैकी फारच थोड्या १,००० पौंडांच्या आत भरतात. जी गाडी त्यावर गेली ती त्या व्याख्येप्रमाणे एटीव्हीच ठरत नाही, आणि तिच्यासाठी दुसरा वर्ग लिहिलेला नसला तर खिडकीवरचा कारकून तरी ती कशात नोंदवणार? मर्यादा १,५०० करा अशी मागणी राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीच्या विधिमंडळात पुन्हा पुन्हा येत राहिली. खरेदीआधी तिथल्या कायद्याचा चालू मजकूर स्वतः वाचा, डीलरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता आमचं पेनसिल्व्हेनिया. इथेही रेघ आहे, ५० इंच आणि १,२०० पौंड, पण ती वेगळ्या कामाची आहे. रेघेच्या आतली गाडी क्लास वन आणि बाहेरची क्लास टू. दोन्हींची नोंदणी डीसीएनआर, म्हणजे राज्याचं वन आणि संवर्धन खातं, करतं. फरक पडतो तो ट्रेलवर. सरकारी जंगलातल्या कित्येक वाटा फक्त क्लास वनला खुल्या आहेत, क्लास टूला कमी मिळतात. पण गाडी निदान कागदावर येते, तिला नंबर मिळतो, विमा काढता येतो. जड गाडीला वेगळा वर्ग देणं मला पटतं. तिला वर्गच नसणं अजिबात पटत नाही.

माझा मुख्य आक्षेप असा. या गाड्या जड झाल्या त्यामागे चैन आहे तशी सुरक्षाही आहे. पिंजरा मजबूत केला, दारं आली, तीन-पॉइंट सीटबेल्ट आले, चाकांमधलं अंतर वाढवून गाडी उलटण्याचा धोका कमी केला, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीबरोबर वजन चढत गेलं. कायद्याने वजनावर बोट ठेवलं की हलकी आणि उघडी गाडी आत येते आणि मुलांसाठी जास्त सुरक्षित असलेली बाहेर राहते. शिवाय बिननोंदणीची गाडी आपल्या जमिनीबाहेर नेली आणि काही झालं, तर विम्याचा आधार राहीलच याची खात्री नसते. हे मी मनापासून सांगतोय. दोन मुलं मागे बसवून निघणाऱ्या माणसाने ही गोष्ट गाडीच्या रंगाआधी बघायला हवी.

तुमच्या राज्यात काय परिस्थिती आहे ते लिहा. एका जागी माहिती जमली तर पुढच्यांना उपयोग होईल.

---

मिठाची_खडी

वाचनखूण साठवली. आम्ही न्यू जर्सीत आहोत, पण तुमच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत जागा बघतोय. हे वजनाचं प्रकरण आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

---

सुपीरिअरकाठ

धागा चांगला आहे, पण मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे.

मी मिनेसोटाच्या उत्तरेला राहते आणि आमच्या गावच्या ट्रेल क्लबसाठी काम करते. इथे कायद्यात एटीव्ही म्हणजे तीन ते सहा कमी हवेचे टायर, ६५ इंचांपर्यंत रुंदी आणि २,००० पौंडांपर्यंत ड्राय वेट, अशी व्याख्या आम्ही वापरत आलो. त्यात पुन्हा ५० इंचांपर्यंत क्लास वन आणि त्यापुढे ६५पर्यंत क्लास टू. म्हणजे वर्ग रुंदीवर आणि वरची कमाल वजनावर. यापेक्षा मोठ्या चारचाकी गाड्यांना ओआरव्ही (ऑफ-रोड व्हेइकल) हा वेगळा वर्ग आहे आणि गिल्बर्टच्या आयर्न रेंज ओएचव्ही (ऑफ-हायवे व्हेइकल) पार्कसारखी जागा आहे.

दादा, तुम्ही वजनाला जवळजवळ खलनायक केलंत. आमच्या वाटांवरचे पूल बघायला या. ओढ्यावर दोन तुळया टाकलेल्या, त्यावर आडव्या फळ्या, फळ्यांना लांब स्क्रू. हे पूल मुळात स्नोमोबाइलसाठी क्लबने हातांनी बांधलेले. वसंतात बर्फ वितळलं की तुळईच्या टोकाखालची माती आधी मऊ होते. अशा वेळी ९०० पौंडांची गाडी आणि चार माणसं बसलेली २,२०० पौंडांची गाडी यांत फरक असतोच. फळी आधी मधोमध वाकते, मग स्क्रू वर येतो, मग पुढच्याचं टायर त्यावर फाटतं. ट्रेलखालून घातलेले पाण्याचे पाइपही असेच चेपतात. एकदा पाइप बसला की पाणी वाटेवरून वाहतं आणि तासाभराच्या पावसात वाट कापली जाते.

आणखी एक गोष्ट. आमच्या वाटांचा मोठा भाग खाजगी जमिनीतून जातो. जमीनमालक आपल्या खुशीने परवानगी देतात. खोल चाकोऱ्या दिसल्या की ते पुढच्या वर्षी परवानगी देत नाहीत, आणि एका मालकाने नाही म्हटलं की दोन गावांना जोडणारी वाट मधूनच तुटते. वजनाची मर्यादा काढून टाका असं म्हणणाऱ्यांनी त्या मालकाच्या अंगणात उभं राहून हे बोलून बघावं.

---

रानवाट_पीए

सुपीरिअरकाठ ताई, पुलाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त तो पुलावरच्या पाटीचा मुद्दा आहे, नोंदणीच्या व्याख्येचा नाही. पुलाला कळतं ते भरलेलं वजन, म्हणजे गाडी, पेट्रोल, माणसं, सामान सगळं धरून. कायद्यात लिहिलेलं असतं ड्राय वेट, ज्यात पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही, माणूस तर नाहीच. ९०० पौंडांची गाडी चार धडधाकट माणसं आणि हरणाचं मांस घेऊन पुलावर आली तर ती कागदावर हलकी आणि पुलावर जड. तुमच्या पुलाला वाचवायचं असेल तर पुलाशी भरलेल्या वजनाची मर्यादा लिहा, तिथे माझा पूर्ण पाठिंबा आहे.

चाकोऱ्यांबद्दल एक म्हणतो. जमिनीवर दाब किती पडतो हे टायरमधल्या हवेवर आणि टायरच्या रुंदीवरही अवलंबून असतं. साइड-बाय-साइडच्या टायरमध्ये सहसा १० ते १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवा असते, मोटारीत ३०-३५. व्हरमाँटच्या कायद्याने तर एटीव्हीच्या व्याख्येतच १० पीएसआय किंवा कमी हवेचे टायर असं घातलेलं आहे. मला हा विचार आवडतो, कारण जमिनीला काय लागतं ते त्यात मोजलं जातं.

---

सुपीरिअरकाठ

दाबाचं गणित कोरड्या, घट्ट जमिनीवर बरोबर आहे. चिखलात तसं होत नाही. तिथे वाट कापते ती चाक जागच्या जागी फिरल्यामुळे, आणि जड गाडी रुतते म्हणूनच माणूस ॲक्सिलरेटर दाबतो. हे मी फावडं हातात घेऊन बघितलेलं आहे. पुलावर भरलेल्या वजनाची पाटी ही सूचना मात्र चांगली आहे, क्लबच्या बैठकीत मांडते.

---

सफरचंदी

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातून, वेनाची जवळून लिहितोय. इथे सगळीकडे सफरचंद आणि चेरीच्या बागा, आणि बागेत यूटीव्ही असतेच. बागेच्या आत कुणी काही विचारत नाही. प्रश्न येतो एका बागेतून दुसरीत जाताना मधला डांबरी रस्ता लागतो तेव्हा.

२०१३ साली इथे 'व्हील्ड ऑल-टेरेन व्हेइकल' नावाचा वर्ग आला. त्यात नोंदणी झाली, दिवे, आरसे वगैरेंची तपासणी झाली की ताशी ३५ मैल किंवा कमी वेगमर्यादेच्या ठरावीक रस्त्यांवर गाडी नेता येते. पण यूटीव्हीसाठी अटी घातल्या त्या अशा: रुंदी ७४ इंचांपेक्षा कमी, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ११० इंचांपर्यंत आणि वजन २,००० पौंडांपेक्षा कमी. दोन-तीन माणसांची साधी गाडी त्यात आरामात बसते. अडचण होते सहा सीटच्या क्रू मॉडेलची, त्यातही कारखान्यातूनच बंद केबिन, काच, हीटर, एसी घेऊन आलेल्या गाडीची. ती २,०००च्या पार जाते.

आमच्याकडे हिवाळ्यात छाटणी चालते. थंडीत कामगारांना बंद, गरम केबिनमधून नेणं हेच माणुसकीचं आहे. पण रस्त्यावर न्यायची परवानगी मिळते ती उघड्या गाडीला. धागालेखकाने सुरक्षेबद्दल लिहिलं ते अगदी असंच इथे अनुभवाला येतं.

---

ऑबर्नकर

मंडळी, या विषयात आपल्या घरची एक गाडी आहे, तिचा उल्लेख अजून कसा नाही आला?

महिंद्रा रॉक्सर. २०१८च्या मार्चमध्ये डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समधून बाजारात आली. वाहन उद्योगातच असल्यामुळे मी ती जवळून बघितली आहे. सांगाडा शिडीसारखा, बॉडी पोलादी पत्र्याची, २.५ लिटर टर्बो डिझेल, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, वेग कारखान्यातच ताशी ४५ मैलांवर बांधलेला. नाशिक-मुंबईकडच्या माणसाने बॉनेट उघडलं की लगेच ओळख पटते, थार आणि जुन्या महिंद्रा जीपचंच ते कूळ. विकली मात्र साइड-बाय-साइड म्हणून, कारण रस्त्याची केंद्रीय मानकं ती पाळत नव्हती.

तिची रुंदी ६२ इंच, म्हणजे रुंदीच्या कसोटीवर ती कित्येक राज्यांत सहज पास. वजन मात्र ३,०३५ पौंड, सुमारे १,३७५ किलो. मिनेसोटाच्या २,००० पौंडांच्या व्याख्येत ती बसत नाही, वॉशिंग्टनच्याही नाही. न्यूयॉर्कच्या १,०००चं तर बोलायलाच नको, तिथे ती तिप्पट भरते. एकाच कारखान्यातून निघालेली एकच गाडी एका राज्यात रीतसर नंबर लावून फिरते आणि दुसऱ्या राज्यात मालकाच्या शेताबाहेर पाऊल टाकू शकत नाही, हे मी प्रत्यक्ष ग्राहकांकडून ऐकलं आहे.

लोकांना रॉक्सर आठवते ती जीपच्या चेहऱ्यावरून झालेल्या खटल्यामुळे. फियाट क्रायस्लरने २०१८च्या ऑगस्टमध्ये तक्रार केली, २०२०मध्ये इंटरनॅशनल ट्रेड कमिशनने महिंद्राविरुद्ध निकाल दिला, मग पुढचा भाग बदलावा लागला. तो खटला पेपरात गाजला. पण गावाकडच्या गिऱ्हाइकाची पहिली अडचण वजनाची होती. जाड पत्रा आणि डिझेल इंजिन हाच तिचा गुण, वीस वर्षं टिकेल अशी बांधणी. तोच गुण नोंदणीच्या तक्त्यात दोष म्हणून मोजला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

---

आकुर्डी_ते_वाळूज

पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे यूटीव्ही ट्रेलचा प्रकार फारसा नाही, पण वजनावरून वर्ग ठरवण्याचं एक उदाहरण इथेही आहे: बजाजची क्यूट. ती क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीपेक्षा हलक्या छोट्या चारचाकी, या वर्गात मोडते. प्रवासी क्वाड्रिसायकलसाठी आधी ४५० किलो मर्यादा होती, नंतर ती ४७५ किलो केली, कारण सीएनजीची टाकी बसवली की वजन वाढतं. वेग ताशी ७० किलोमीटर. ४७५ किलो म्हणजे १,०४७ पौंड, तुमच्या न्यूयॉर्कच्या आकड्याच्या जवळपासच.

इथे हेतू मात्र उलटा आहे. क्वाड्रिसायकलला मोटारीइतक्या कडक धडक-चाचण्या लागू नाहीत. म्हणून वजन आणि वेग दोन्ही बांधून ठेवले, जेणेकरून कुणी पूर्ण मोटार बनवून ती या सवलतीच्या वर्गातून विकू नये. युरोपातही तसंच आहे. तिथे प्रवासी क्वाड्रिसायकलला ४५० किलो आणि मालवाहूला ६०० किलो, बॅटरी सोडून. त्यापेक्षा जड साइड-बाय-साइड तिथे ट्रॅक्टर म्हणून नोंदवतात, आणि रीतसर रस्त्यावर चालवतात.

म्हणजे वजनाची मर्यादा मुळातच चूक असं मी म्हणणार नाही. ती कशासाठी घातली आहे हे आधी ठरलेलं हवं. सवलत रोखायची की वाट वाचवायची?

---

रानवाट_पीए

आकुर्डीकर, हा फार मोलाचा मुद्दा दिलात. ट्रॅक्टर म्हणून नोंदणी! म्हणजे युरोपात जड गाडीला दुसरा वर्ग तयार आहे. माझं म्हणणं तेवढंच आहे.

---

लालमाती_युटा

युटामध्ये आमच्याकडे यातलं बरंच सुटसुटीत आहे. टाइप टू, म्हणजे गोल स्टिअरिंगवाल्या साइड-बाय-साइडला ८० इंच रुंदी आणि ३,५०० पौंड ड्राय वेट. ऑबर्नकरांची रॉक्सर यात व्यवस्थित बसते. आणि महत्त्वाचं म्हणजे वजनाची अट फक्त इंजिनवाल्या गाडीला आहे. विजेवर चालणारी असेल तर वजन बघितलंच जात नाही. बॅटरी जड असणारच हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं. दिवे, आरसे, हॉर्न अशी ठरलेली सामग्री लावून इथे ती रस्त्यासाठीही नोंदवता येते, त्यामुळे मोॲब गावच्या गल्लीत किराणा आणायला आलेली साइड-बाय-साइड दिसते.

पण सुपीरिअरकाठ ताईंना सांगतो, आमच्याकडे खडक आणि वाळू आहे. तुमचा दलदलीचा प्रश्न आम्हाला नाही. आमचा नियम उचलून तुमच्याकडे लावता येणार नाही.

---

मिठाची_खडी

एक साधा प्रश्न. विंच (दोराने गाडी ओढायचं यंत्र), छप्पर, बर्फ ढकलायचं पातं हे सगळं लावलं तर ते ड्राय वेटमध्ये धरतात का? आणि हा आकडा नेमका कुठे बघायचा? दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसतायत.

---

रानवाट_पीए

ड्राय वेट म्हणजे सहसा कारखान्याने त्या मॉडेलसाठी जाहीर केलेला आकडा. नंतर बाहेरून लावलेली सामग्री त्यात येत नाही. पण कारखान्यातूनच केबिन आणि हीटर घेऊन आलेली आवृत्ती असेल तर तिचा आकडा वेगळा असतो, आणि तिथेच लोक फसतात. जाहिरातीत मूळ मॉडेलचं वजन असतं, घरी येते ती वरची आवृत्ती.

तुम्हाला दोन आकडे दिसतायत त्यातला मोठा बहुधा कर्ब वेट असेल, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट. दहा गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचेच साठ पौंड होतात. सांगाड्यावरच्या पट्टीवर आणखी एक आकडा असतो, जीव्हीडब्ल्यूआर. तो माणसं आणि सामानासह कमाल भाराचा असतो, नोंदणीच्या मर्यादेशी तो लावू नका.

डीलरकडून मॅन्युफॅक्चरर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे कारखान्याचा मूळ दाखला, मागा, पैसे देण्याआधी. त्यावर वजन लिहिलेलं असेल तर ते कुठलं आहे हे विचारून घ्या. मग त्याच आवृत्तीचा छापील स्पेसिफिकेशन तक्ता घ्या आणि दोन्ही कागद नोंदणी कार्यालयाला दाखवून विचारा. डीलर टाळाटाळ करायला लागला तर दुसरा डीलर बघा.

---

मिठाची_खडी

आणि पोकोनोजला घर घेतलं तर पन्नास इंचाची घ्यावी की मोठी?

---

रानवाट_पीए

मुलं किती आणि वयं काय? दोघंच असाल आणि अलेगेनी नॅशनल फॉरेस्टसारख्या ठिकाणच्या ५० इंची वाटांवर जायचं असेल तर पन्नास इंचाची घ्या. तिथे वाटेच्या तोंडाशी दोन खांब रोवलेले असतात, त्यातून गाडी गेली पाहिजे. टायर बदलून रुंद रिम घातले तर तीच गाडी दुसऱ्या दिवशी त्या खांबांना अडते, हेही लक्षात ठेवा. मात्र अरुंद गाडी उतारावर आडवी लवकर कलंडते.

मुलं मागे बसणार असतील तर मी रुंद, चार सीटची, क्लास टूची घ्यायला सांगेन. वाटा कमी मिळतील. वसंताच्या सुट्टीत न्यू हॅम्पशायरला जाता येतं, तिथे कोऑस काउंटीत राइड द वाइल्ड्सचं हजार मैलांहून मोठं जाळं आहे. निघण्याआधी तिथली रुंदीची मर्यादा आणि चिखलामुळे वाटा कधी बंद असतात ते बघून घ्या.

---

सुपीरिअरकाठ

वसंताची सुट्टी नको, मिठाची_खडी. बर्फ वितळायच्या दिवसांत उत्तरेकडच्या वाटा बंदच असतात, आणि तेच योग्य आहे. जुलैनंतर जा. आणि वाटेत कुठला क्लब पूल दुरुस्त करताना दिसला तर थांबून एक फळी धरा.